ब्लड कॅन्सरची केमो चालू असताना घरच्यांनी काय सांभाळायचं? तापाच्या आकड्यापासून रेशनकार्डापर्यंत

घरात कोणाला ब्लड कॅन्सर निघाला की पहिले आठ दिवस कोणालाच काही सुचत नाही. महिनाभर अंगात कणकण असते, जिना चढताना दम लागतो, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळे-निळे डाग पडतात. तालुक्याला रक्त तपासलं की पेशींचा आकडा भलताच निघतो आणि डॉक्टर म्हणतात, "इथं थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या." मग मुंबई, बार्शी, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, जिथं सोय लागेल तिकडं गाडी निघते.

औषध द्यायचं काम डॉक्टरांचं. पण केमो देऊन पेशंट घरी आला, की पुढचे दहा-पंधरा दिवस त्याचा जीव घरच्यांच्या हातात असतो. रात्री दोनला ताप आला तर काय करायचं, पाणी कुठलं द्यायचं, भेटायला आलेल्या पाहुण्यांना कसं थांबवायचं, हे ठरवायला तिथं डॉक्टर नसतात. तिथं बायको असते, भाऊ असतो, आई असते. त्यांच्यासाठी ही माहिती.

हा आजार वाट बघत नाही

ब्लड कॅन्सर म्हणजे एकच आजार नाही. काही प्रकार सावकाश वाढतात, वर्षानुवर्षं गोळ्यांवर राहतात. पण 'ॲक्युट ल्युकेमिया' नावाचा प्रकार आठवड्यांत वाढतो. हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, रक्त तयार होतं. तिथं कच्च्या, बिनकामाच्या पेशींची गर्दी होते आणि चांगलं रक्त तयार व्हायला जागाच उरत नाही. म्हणून एकाच वेळी तीन गोष्टी होतात. लाल पेशी कमी होऊन दम लागतो, प्लेटलेट कमी होऊन रक्तस्राव होतो आणि कामाच्या पांढऱ्या पेशी कमी होऊन साधा जंतूही अंगात घर करतो. सोयाबीनची काढणी झाल्यावर बघू, दिवाळीनंतर जाऊ, असं या आजारात चालत नाही.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकाला डॉक्टर 'एएमएल' म्हणतात, तो मोठ्या माणसांत जास्त दिसतो. दुसरा 'एएलएल', तो लहान मुलांत जास्त. एएमएलमध्ये तब्येत धड असेल तर पहिली केमो साधारण सात दिवसांची असते. एक औषध सात दिवस सलाईनमधून आणि दुसरं त्यातले तीन दिवस. औषध आठवड्यात संपतं, पण रक्त परत तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून पहिल्या वेळी महिनाभर, कधी त्याहून जास्त दवाखान्यात राहावं लागतं. त्यानंतर आणखी काही डोस होतात. एएलएलचा उपचार तर दोन ते तीन वर्षं चालतो. सुरुवातीचे महिने जोरदार आणि नंतर घरी गोळ्या व अधूनमधून दवाखाना.

शेतकऱ्याला केमो समजायला अवघड नाही. तणनाशक मारलं की तण जळतं, पण जोर जास्त असला तर पिकालाही झटका बसतो. पीक आठ-पंधरा दिवस पिवळं पडतं, मग सावरतं. केमो वेगानं वाढणाऱ्या पेशी मारते. त्यात कॅन्सरच्या पेशी जातात, तशा केसांच्या मुळांच्या, तोंडातल्या, आतड्यातल्या आणि रक्ताच्या चांगल्या पेशीही जातात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, जुलाब लागतात. केस परत येतात, त्याची काळजी नको. जपायचं ते रक्ताच्या आकड्याला.

सातवा ते चौदावा दिवस

बऱ्याच केमोमध्ये डोस दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. ब्लड कॅन्सरच्या जोरदार केमोत हा काळ आणखी लांबतो. निरोगी माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० असतात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. त्या ५०० च्या खाली गेल्या की शरीराला राखणदार उरत नाही. डिस्चार्ज देताना दवाखान्यात तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: पेशी कधी खाली जातील, रक्त कोणत्या तारखेला तपासायचं आणि रात्री-अपरात्री कोणत्या नंबरला फोन करायचा.

१००.४ हा आकडा पाठ करा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. केमो चालू असलेल्या माणसाला १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त ताप आला की ती इमर्जन्सी समजायची. सकाळ होऊ द्यायची नाही. दवाखान्यानं वेगळा आकडा सांगितला असेल तर तो धरा.

एरवी गावात ताप आला की क्रोसिनसारखी गोळी घेतो आणि घाम येऊन उतरला की कामाला लागतो. इथं तसं केलं तर ताप दबतो, जंतू दबत नाही. आत रक्तात विष पसरत जातं आणि बाहेरून माणूस बरा दिसतो. अशा पेशंटला अँटिबायोटिक सलाईनमधून लवकरात लवकर, दवाखान्यात पोचल्यावर तासाभराच्या आत सुरू व्हावं, असा डॉक्टरांचा नियम आहे. चार-पाच तासांचा उशीरही जिवावर बेततो.

त्यासाठी घरात ही तयारी ठेवा.

- डिजिटल थर्मामीटर विकत घ्या, मेडिकलवर मिळतो. हात लावून 'अंग गरम नाही' म्हणायचं नाही. काखेत लावला तर आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी दाखवतो, हे लक्षात असू द्या. गुदद्वारात थर्मामीटर कधीच लावू नका.
- थंडी वाजून हुडहुडी भरली, दम लागला, माणूस बरळायला लागला किंवा एकदम गळून गेला, तर ताप नसला तरी निघा. पेशी फार कमी असल्या की कधी कधी ताप येतच नाही.
- डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका. गावातल्या डॉक्टरांकडून 'एक सुई' मारून घेऊ नका. प्लेटलेट कमी असताना दंडात किंवा कमरेत इंजेक्शन दिलं तर आत रक्त साकळतं.
- मुंबई लांब आहे. पेशंटला ताप आला तर जवळ कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. 'या पेशंटची केमो चालू आहे, ताप आल्यास लगेच अँटिबायोटिक द्यावे' अशी चिठ्ठी त्यांच्या सहीशिक्क्यानं मागून घ्या. ती फाईलच्या पहिल्या पानावर लावा.
- एक पिशवी भरून ठेवा: फाईल, आधार, रेशनकार्ड, चार्जर, दोन जोडी कपडे, थोडी रोकड. रात्री गाडी कोणाची न्यायची, ते आधी ठरवा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

गोठा, कडबा आणि अंगण

शहरातल्या पेशंटला डॉक्टर सांगतात, गर्दीत जाऊ नका. खेड्यातल्या पेशंटला त्यासोबत आणखी काही टाळावं लागतं. ओलसर कडबा, कुजलेला भुसा, शेणखताचा ढीग, जुनं धान्य यात बुरशी असते. कडब्याची पेंढी झटकली की तिची भुकटी हवेत उडते. आपण श्वासावाटे ती रोज घेतो, काही होत नाही. पेशी नसलेल्या माणसाच्या फुफ्फुसात तीच बुरशी वाढते आणि तिला मारायची औषधं महाग असतात. म्हणून पेशी भरून येईपर्यंत गोठा झाडणं, शेण काढणं, मळणीजवळ थांबणं, धान्य उपणणं, कोंबड्यांचं खुराडं साफ करणं ही कामं पेशंटनं करायची नाहीत. घराचं बांधकाम, भिंत पाडणं, रंगकाम चालू असेल तर तेही थांबवा, नाहीतर पेशंटला दुसरीकडं हलवा.

"बसून बसून कंटाळलो, बांधावर जाऊन येतो," असं माणूस म्हणतोच. संध्याकाळी मोकळ्या हवेत, मास्क लावून, पायात चप्पल घालून घराजवळ फेरी मारायला डॉक्टर बहुतेकदा हरकत घेत नाहीत. उलट थोडं चालणं चांगलंच. पण अनवाणी नाही, मातीत हात घालायचा नाही आणि फवारणी चालू असताना रानात अजिबात नाही.

घरात शक्य असेल तर त्यांना वेगळी, हवेशीर खोली द्या. नाही जमलं तर एक कोपरा, स्वतंत्र अंथरूण, रोज धुतलेला टॉवेल. घरात जो सर्दी-खोकल्यानं आजारी असेल त्यानं लांब झोपायचं. शेजारच्या पोराला कांजिण्या किंवा गोवर आला आणि पेशंटचा त्याच्याशी संबंध आला असेल, तर फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. घरातल्या लहान लेकराला पोलिओचे थेंब पाजायचे असतील तर तेही आधी विचारून घ्या.

आणि सगळ्यात सोपं, सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे साबण. पेशंटला हात लावायच्या आधी, ताट वाढायच्या आधी, धार काढून आल्यावर, पोराची शी धुतल्यावर हात साबणानं धुवा. औषध देण्यासाठी छातीत किंवा दंडात नळी बसवली असेल, तर ती ओली होऊ देऊ नका. तिचं ड्रेसिंग शिकलेल्या नर्सकडूनच करून घ्या. नळीच्या तोंडाजवळ लाली, पू किंवा दुखणं दिसलं तर लगेच कळवा.

कॅन्सर शिवल्यानं होत नाही

अजूनही काही घरांत पेशंटचं ताट-वाटी वेगळं काढतात, ते आजार लागेल या भीतीनं. कॅन्सर लागट नाही. त्यांच्या शेजारी बसा, हात हातात घ्या, लेकरांना जवळ जाऊ द्या. जपायचं आहे ते आपल्या जंतूंपासून पेशंटला, पेशंटपासून आपल्याला नाही.

फक्त एक अपवाद आहे. केमो दिल्यानंतर साधारण दोन दिवस लघवी, शौच आणि उलटीतून औषध बाहेर पडतं. ते साफ करताना हातात मोजे घाला, संडासात भरपूर पाणी टाका, भरलेले कपडे वेगळे धुवा. घरातल्या गरोदर बाईनं हे काम करू नये.

ताटात काय वाढायचं

महागडी पावडर, परदेशी फळं यांची गरज नाही. घरचं ताजं, गरम, नीट शिजलेलं अन्न हाच आहार. भाकरी, मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, शिजवलेली भाजी, पूर्ण उकडलेलं अंडं. मटण खात असतील तर चांगलं शिजवलेलं. पाणी उकळून गार केलेलं. बोअरचं किंवा जारचं पाणीसुद्धा उकळूनच द्यायचं. दूध धारोष्ण नाही, उकळलेलं.

पेशी कमी असताना टाळायचं ते असं: कच्ची कोशिंबीर, हिरवी मेथी-कांद्याची पात तशीच खाणं, उसाचा रस, बर्फाचा गोळा, हॉटेलची चटणी, सकाळचं संध्याकाळी. फळं द्यायची तर स्वच्छ धुऊन, साल काढता येतील अशी, केळी-संत्र्यासारखी.

तोंड आलं की माणूस खाणंच सोडतो. अशा वेळी तिखट आणि आंबट बंद करा. कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा टाकून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करायला लावा. एका वेळी पोटभर जात नसेल तर दोन-दोन तासांनी चार घास द्या. पेज, खीर, गार केलेलं वरण घशाखाली उतरतं. "खा ना, खा ना" म्हणून मागं लागल्यानं चिडचिड वाढते. ताट समोर ठेवा, थोडा वेळ जवळ बसा, नाही खाल्लं तर उचला आणि परत वाढा. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचा उपवास उपचार संपेपर्यंत घरच्या दुसऱ्या कोणी धरावा.

काढे, झाडपाला, गोमूत्र, प्लेटलेट वाढायला पपईच्या पानांचा रस, हे सगळं कोणी ना कोणी आणून देतंच. देणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण कच्च्या रसातून जंतू जातात आणि काही मुळ्या केमोच्या औषधाशी भांडतात, लिव्हरवर ताण येतो. जे काही द्यायचं ते डॉक्टरांना सांगूनच. ते रागावतील म्हणून लपवू नका.

रक्त आणि प्लेटलेट

निरोगी माणसाच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतात. केमोत त्या दहा हजारांपर्यंत किंवा त्याखाली येतात आणि बाहेरून द्याव्या लागतात. प्लेटलेटची पिशवी साधारण पाच दिवसच टिकते, महिनाभर साठवून ठेवता येत नाही. म्हणून दाता पुन्हा पुन्हा लागतो. इथं गावाचा खरा उपयोग होतो. दहा-पंधरा तरुणांची यादी करा. नाव, रक्तगट, फोन आणि शेवटचं रक्तदान कधी केलं, एवढं लिहा. एकाच दिवशी सगळ्यांना जीप करून नेऊ नका, ब्लड बँक सांगेल तसे दोघं-तिघं पाठवा. पुढं बोन मॅरो बदलायचा विचार असेल तर सख्ख्या भावा-बहिणींनी रक्त द्यावं की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारा.

प्लेटलेट कमी असताना मऊ ब्रश वापरा, वस्तऱ्यानं दाढी नको, अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या नकोत. नाकातून रक्त थांबत नसेल, शौच डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल झाली किंवा डोकं प्रचंड दुखून उलटी झाली, तर ताबडतोब दवाखाना.

जमीन विकायच्या आधी

हातातली पहिली रक्कम संपली की घरात दोनच वाटा दिसतात, सावकार नाहीतर जमीन. त्याआधी दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात जाऊन बसा. मोठ्या दवाखान्यांत हा विभाग असतो आणि कोणत्या पेशंटला कुठून मदत मिळेल, हे तिथल्या लोकांना माहीत असतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना योजनेतल्या दवाखान्यांत उपचार मिळतात. २०२४ पासून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. केमोथेरपी आणि रेडिएशन या योजनेत आहेत. दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला भेटा. हेल्पलाईन १५५३८८ आहे. आयुष्मान भारतची हेल्पलाईन १४५५५. योजनेच्या नावाखाली कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. पॅकेजमध्ये कोणती औषधं, कोणत्या तपासण्या बसतात, ते आधीच विचारा, म्हणजे नंतर मेडिकलच्या बिलावरून भांडण नको.

अडतं ते बहुतेक वेळा कागदावर. लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी सुनेचं नाव माहेरच्याच रेशनकार्डात असतं. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. ही दुरुस्ती तहसीलला आठवडे घेते. घरात आजार नसतानाच आज रात्री कपाटातलं रेशनकार्ड काढून बघा.

याशिवाय धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. मुख्यमंत्री सहायता निधीतून मदतीसाठी दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. संजय गांधी निराधार योजनेतही कर्करुग्ण येतात, अर्ज तहसीलला करायचा. म्हणून उत्पन्नाचा दाखला पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा.

मुंबईचा मुक्काम

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून चालू आहे. त्यांचंच दुसरं केंद्र खारघरला आहे. तिथं जाताना रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्यानं सही-शिक्का करून दिलेला रेल्वेचा फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवरूनच काढावं लागतं, मोबाईलवर ही सवलत मिळत नाही. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे, डेपोत चौकशी करा.

राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. लहान मुलं आणि त्यांच्या आई-बापासाठी सेंट ज्यूड संस्थेची मोफत केंद्रं आहेत. सगळीकडं दवाखान्याचं पत्र लागतं आणि जागेसाठी थांबावं लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी नाव घाला. फुटपाथवर मुक्काम करून केमो घेतलेल्या माणसाला सांभाळता येत नाही.

सोबतचा माणूसही माणूसच

महिना-महिना दवाखान्यात थांबणारी बहुतेक वेळा बायको, आई नाहीतर बहीण असते. ती खुर्चीत झोपते, पेशंटनं टाकलेलं खाते, स्वतःची बीपीची गोळी विसरते. तिसऱ्या आठवड्यात तीच आजारी पडते. घरच्यांनी पहिल्या दिवशीच पाळी ठरवावी. आठ दिवस एक, आठ दिवस दुसरा. पाळी बदलताना वही हातात द्यायची. त्या वहीत रोजचा ताप, औषधांच्या वेळा, रक्ताचे आकडे, किती खाल्लं, डॉक्टर काय म्हणाले आणि उद्या काय विचारायचं, हे लिहिलेलं असलं की नवा माणूस गोंधळत नाही.

पेशंट बाई असली की एक वेगळीच अडचण होते. पुरुष आजारी पडला तर बायको सोबत असते. बाई आजारी पडली की तिला माहेरी पाठवायची भाषा सुरू होते, घरकाम कोण करणार यावर बैठक होते आणि तपासणीची तारीख पुढं ढकलली जाते. आजार मात्र बाई-पुरुष बघत नाही. तारीख ठरली तर तिनंही त्याच दिवशी गेलं पाहिजे आणि तिच्यासोबत तिच्या मनातलं बोलता येईल असं माणूस पाहिजे.

आजाराचं नाव पेशंटपासून लपवायची आपल्याकडं पद्धत आहे. "रक्त कमी झालंय, म्हणून सलाईन लावलं," असं सांगतात. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून त्यांना चार दिवसांत कळतंच, आणि मग घरच्यांवरचा विश्वास जातो. डॉक्टरांच्या मदतीनं, झेपेल तेवढं खरं सांगावं. "तुम्हाला काही होत नाही" यापेक्षा "भीती वाटते का दादा?" हे विचारून ऐकत बसणं जास्त धीर देतं. काही दिवस ते कोणाशी बोलणार नाहीत, काही दिवस चिडतील. तो राग आजारावरचा असतो, आपल्यावरचा नाही.

गावानं काय करावं

आजारी माणसाला भेटायला जाणं ही आपली रीत. पण पेशी खाली असताना जीप भरून आलेले पाहुणे म्हणजे तेवढे खोकले. भेटायचं असेल तर फोन करा, व्हिडिओ कॉल करा. आलातच तर दारातून बोला, पाच मिनिटांत निघा. घरच्यांनीही संकोच न करता दारावर कागद लावावा: 'डॉक्टरांच्या सूचनेनुसार भेट बंद आहे.' आत्या, मामा रुसतील, नंतर समजतील. रोज वीस जणांना तेच तेच सांगण्यापेक्षा एका भावानं किंवा पुतण्यानं संध्याकाळी सगळ्यांना एकच मेसेज टाकावा.

मदत करायची इच्छा असेल तर "काही लागलं तर सांगा" म्हणून निघून जाऊ नका. ते घर कधीच सांगणार नाही. त्यापेक्षा त्यांची तूर सावडीनं काढून द्या. दोन महिने म्हशीची धार काढायची जबाबदारी घ्या. रात्री लाईट आल्यावर त्यांच्या हरभऱ्याला पाणी सोडा. पोरांना आपल्या पोरांसोबत शाळेत न्या, संध्याकाळी जेवू घाला. सोसायटीच्या, बँकेच्या तारखा सांभाळा. रानाची काळजी मिटली की दवाखान्यातला माणूस तिथं टिकतो.

'रिपोर्ट क्लीअर आला' म्हणजे काम संपलं नाही

सगळ्यात मोठा घोटाळा इथं होतो. पहिल्या महिन्यानंतर बोन मॅरोची तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. माणूस गावी येतो, जेवायला लागतो, केस उगवतात. मग घरात बोलणं सुरू होतं, "आता बरं आहे, मग कशाला परत सुई? पेरणी होऊ द्या, मग बघू." पण सूक्ष्मदर्शकात न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असतात. वरचं तण जळालं तरी हरळीची काशी जमिनीत राहते, तसंच. पुढचे डोस, पुढच्या वर्ष-दोन वर्षांच्या गोळ्या त्या उरलेल्या मुळ्यांसाठी असतात. मधेच सोडलं तर आजार परत येतो, आणि परत आलेला आजार पहिल्यापेक्षा हट्टी असतो.

म्हणून तारखा कॅलेंडरवर लाल पेननं लिहा आणि पेरणी, लग्नं, यात्रा त्या धरून ठरवा. जाणं अगदीच अशक्य झालं, पैसे संपले, गाडी मिळेना, तर गप्प बसू नका. दवाखान्यात फोन करून सांगा. काही डोस जवळच्या केंद्रात देता येतात, काही वेळा मदतीची सोय होते. न सांगता गायब झालेल्या पेशंटसाठी मात्र कोणी काही करू शकत नाही.

सगळं करूनही काही जणांचा आजार हटत नाही, हेही खरं आहे. डॉक्टरांनी तसं सांगितलं तर 'घरी न्या' याचा अर्थ उपचार संपले असा नाही. दुखणं, धाप, उलट्या कमी करणारे उपचार असतात, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्याही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. त्या मागायला लाजू नका. अशा वेळी आणखी कर्ज काढून दुसऱ्या-तिसऱ्या दवाखान्यात धावण्याआधी एकदा पेशंटलाच विचारा, त्यांना कुठं आणि कोणाजवळ राहायचं आहे. त्यांचं म्हणणं ऐकून घ्या.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध, आहार आणि तापाचा आकडा याबाबत तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं अंतिम समजावं. केमो चालू असलेलं एखादं घर तुमच्या गावात असेल तर हा लेख त्यांच्यापर्यंत पोचवा.)